‘तोत्तोचान’ आणि शाळा निवडणारा पालक : एक पुनर्वाचन

प्रास्ताविक

तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ हे बालपणाच्या आठवणींचे पुस्तक १९८१ साली जपानी भाषेत प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी डोरोथी ब्रिटन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला आणि त्यामार्फत ते जगभर पोहोचले. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने सामान्य वाचकाला परवडेल अशा किमतीत उपलब्ध करून दिला. त्यामुळे महाराष्ट्रात या पुस्तकाला जो वाचकवर्ग लाभला, तो अनुवादित शिक्षणविषयक पुस्तकांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला आला आहे. पालकसभा, शिक्षक-प्रशिक्षणाचे वर्ग, वाचनमंडळे अशा सर्व ठिकाणी त्याचा उल्लेख होतो. मुलाला शाळेत घालण्याची वेळ आली की सुशिक्षित पालकाच्या हाती कोणीतरी हे पुस्तक ठेवतेच.

मराठीत या पुस्तकाचे वाचन बहुतांशी एका ठरावीक दिशेने झाले आहे. मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी हे त्याचे नायक, ‘तोमोए गाकुएन’ ही आदर्श शाळा आणि आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारे वर्ग हे मुक्त शिक्षणाचे प्रतीक, असे हे वाचन होय. ते चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला की, हे पुस्तक शाळा मोजण्याची फूटपट्टी बनले. अमुक शाळा ‘तोत्तोचानसारखी’ आहे किंवा नाही, या भाषेत पालक बोलू लागले आणि काही शाळाही आपली ओळख त्याच भाषेत करून देऊ लागल्या. या सर्वांत एक व्यक्ती झाकली गेली. ती म्हणजे तोत्तोचानची आई. शाळा निवडणारा पालक या दृष्टीने तिच्याकडे पाहिल्यास पुस्तकाचे एक वेगळे आकलन हाती येते आणि त्याच्या मर्यादाही अधिक स्पष्ट होतात. प्रस्तुत लेखात त्याचाच परामर्श घेतला आहे.

निवेदनाची योजना आणि आईचे मौन

हे आत्मकथन असूनही प्रथमपुरुषी नाही, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. कुरोयानागी स्वतःचे बालपण तृतीयपुरुषात सांगतात. या योजनेमुळे निवेदकाला मुलीच्या जाणिवेबाहेरच्या गोष्टीही सांगता येतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अगदी आरंभीच येते. पहिलीत असतानाच तोत्तोचानला शाळेतून काढून टाकण्यात आलेले आहे. वर्ग चालू असताना ती मेजाचे झाकण पुनःपुन्हा उघडते व मिटते, खिडकीपाशी उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते, पाखरांशी गप्पा मारते. बाईंचा संयम संपतो आणि आईला बोलावणे धाडले जाते. हे आईला ठाऊक आहे, निवेदकाला ठाऊक आहे, वाचकालाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त तोत्तोचानला. आपण एका नव्या शाळेत जात आहोत, एवढेच तिला माहीत असते. खरी हकीकत आईने तिला सांगितली ती तिला वीस वर्षे पूर्ण झाल्यानंतर.

याचा अर्थ असा की, संपूर्ण पुस्तकभर वाचक आईच्या बाजूला बसलेला असतो. स्टेशनातून बाहेर पडताना तिकीट आपल्याजवळच राहावे म्हणून मुलगी हट्ट धरते, मोठेपणी तिकिटे विकण्याचा मनसुबा जाहीर करते आणि आई तिच्या शेजारून चालताना मनात एकच विचार करत असते की, येथेही नकार मिळाला तर पुढे काय. या प्रसंगातील विनोद मुलीच्या बोलण्यात आहे आणि ताण आईच्या गप्प राहण्यात आहे. दोहोंचा मेळ घालण्याचे काम वाचकावर सोपवलेले आहे. पालक असलेल्या वाचकाला हे पुस्तक इतके जवळचे का वाटते, याचे उत्तर कोबायाशींच्या शिक्षणपद्धतीइतकेच या निवेदनयोजनेतही शोधावे लागेल.

आईने शाळा निवडली असे आपण म्हणतो खरे. परंतु तिच्यापुढे निवडीला वाव किती होता? तिने बरीच शोधाशोध करून ही शाळा शोधली, हे खरे. तथापि, अनेक शाळांची माहितीपत्रके पुढ्यात ठेवून तुलना करणारा आजचा पालक आणि ही आई यांत मोठे अंतर आहे. एक दार बंद झाल्यामुळे ती दुसऱ्या दाराशी आलेली आहे. तिचे खरे कर्तृत्व शाळा हुडकण्यापेक्षा मौन पाळण्यात आहे. ‘तुला शाळेतून काढले’ हे वाक्य तिने उच्चारले नाही. मूल बिघडलेले आहे ही शाळेने केलेली व्याख्या तिने घराच्या उंबरठ्याच्या आत येऊ दिली नाही. तोमोएच्या पहिल्या दिवशी तोत्तोचान निःशंक मनाने मुख्याध्यापकांसमोर बसू शकली, याचे श्रेय मुख्याध्यापकांइतकेच या मौनाला द्यावे लागते.

त्या पहिल्या भेटीचा प्रसंग सर्वांनाच आठवतो. कोबायाशी आईला घरी जायला सांगतात आणि सकाळी आठपासून दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत, म्हणजे चार तास, मुलीचे बोलणे ऐकत बसतात. तिचे बोलणे संपल्यावर ते तिला शाळेत दाखल करून घेतात. भारतीय वाचकाला हा प्रसंग वाचताना आपल्याकडील प्रवेश-मुलाखतींची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या अधिनियमातील कलम १३ ने प्रवेशासाठी मुलाची वा पालकाची चाळणी लावण्यास मनाई केली आहे. कायद्याला मुलाखत निषिद्ध का करावी लागली, तर आपल्याकडे ती वगळण्याचे साधन झाली होती. तीन वर्षांच्या मुलाला रंगांची नावे विचारणे आणि आईवडिलांचे इंग्रजी तपासणे हा तिचा आशय होता. कोबायाशींच्या खोलीतही मूल आणि प्रौढ समोरासमोर बसतात, मात्र तेथे चाळणीच नाही. या एका प्रसंगाच्या बळावर पुष्कळ पालक ‘मुलाचे ऐकणारी शाळा’ शोधत हिंडतात. चार तास ऐकण्यासाठी मुख्याध्यापकाकडे चार तास असावे लागतात आणि त्यासाठी शाळेत सुमारे पन्नासच मुले असावी लागतात, हा तपशील मात्र त्यांच्या ध्यानातून निसटतो. तोत्तोचानच्या वर्गात अवघी नऊ मुले होती.

मुले काढून नेणारे पालक

पुस्तकात एक छोटासा प्रसंग आहे. त्याची चर्चा मराठीत क्वचितच होते. तोमोएची रीत इतकी वेगळी होती की काही पालकांना तिची धास्ती वाटू लागली. दिवसाचा आरंभ कोणत्या विषयाने करायचा हे मुलांनीच ठरवायचे, दुपारी फिरायला जायचे, मळले तरी चालतील असे जुने कपडे घालून शाळेत यायचे, तलावात विवस्त्र पोहायचे. एवढ्याने पुढे निभाव लागेल काय, अशी शंका घेऊन काहींनी मुले काढून घेतली आणि दुसऱ्या शाळांत घातली. मुलांना जायचे नव्हते. तोत्तोचानच्या वरच्या वर्गातील एक मुलगा निघण्याच्या दिवशी रडत रडत मुख्याध्यापकांच्या पाठीवर मुठी मारत राहतो आणि कोबायाशींचेही डोळे लाल झालेले असतात. तोत्तोचानच्या आईवडिलांनाही आपण करतो ते बरोबर की चूक असा प्रश्न अधूनमधून पडत असे, अशी कबुलीही निवेदिका याच ओघात देऊन जाते.

या प्रसंगाचे महत्त्व फार आहे. येथे दोन पालक दिसतात आणि दोघांनाही शंका आहे. एकाने शंकेपोटी मूल काढून नेले, दुसऱ्याने शंका बाळगूनच मूल तेथे ठेवले. ज्यांनी मूल ठेवले त्यांच्याकडे अधिक ज्ञान होते, असे संहिता कोठेही सांगत नाही. शाळेविषयीचा निर्णय अपुऱ्या माहितीवरच घ्यावा लागतो आणि त्याची बरी-वाईट फळे दिसेपर्यंत मुलाचे बालपण संपलेले असते, ही पालकत्वातील मूळ अडचण कुरोयानागी दोन परिच्छेदांत मांडतात आणि पुढे जातात. ज्यांनी मुले नेली त्यांच्यावर निवेदिका फारसा राग धरत नाही. हा संयम उल्लेखनीय आहे.

तथापि, याच ठिकाणी पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या मनोगताचा विचार करावा लागतो. त्यात लेखिका आपल्या वर्गमित्रांचे पुढे काय झाले ते सांगते. कोणी पदार्थविज्ञानात नाव काढले, कोणी ऑर्किड फुलांच्या लागवडीत, कोणी शिक्षिका झाली. शारीरिक वाढ खुंटलेला ताकाहाशी, ज्याला जिंकता यावे अशा बेताने कोबायाशींनी क्रीडादिनाच्या शर्यती आखल्या होत्या, तो एका कंपनीत जबाबदारीच्या पदावर पोहोचला. ही माहिती हृद्य आहे, यात शंका नाही. मात्र वाचकावर तिचा परिणाम कसा होतो? आधीच्या पानांतून निकालाची चिंता बाजूला ठेवायला शिकलेल्या पालकाच्या हाती अखेरीस निकालपत्रक दिले जाते. मुक्त वातावरणात वाढलेली मुलेही ‘मागे पडत नाहीत’ असा दिलासा त्याला मिळतो आणि मनातली जुनी फूटपट्टी शाबूत राहते. लेखिका स्वतः दूरचित्रवाणीवरील ख्यातकीर्त कलावंत. तिच्या यशाचा प्रकाश सबंध पुस्तकावर पडलेला आहे. तोमोएतून बाहेर पडून साधे, अनाम आयुष्य जगलेल्या कोणी हे पुस्तक लिहिले असते तर मराठी पालकाने ते तितक्याच विश्वासाने हाती घेतले असते काय? पाठीवर मुठी मारणाऱ्या मुलाचे पुढे काय झाले, हेही मनोगतात नाही.

पहिली शाळा आणि खिडकी

मूळ जपानी शीर्षकातील ‘खिडकीपाशी’ या शब्दाला एक छटा आहे. कार्यालयात ज्यांच्याकडे काम उरलेले नाही आणि ज्यांना नुसते खिडकीजवळ बसवून ठेवले जाते, अशा बाजूला सारलेल्या नोकरदारांसाठी त्या काळी जपानीत हा शब्दप्रयोग रूढ झाला होता. लेखिकेनेच तसे स्पष्ट केले आहे. मराठीत ‘खिडकी’ म्हटले की मोकळी हवा आणि बाहेरचे जग असेच अर्थ जवळचे वाटतात, त्यामुळे ही वगळलेपणाची छटा अनुवादात येणे जवळजवळ अशक्य होते. त्याचा दोष अनुवादाला देता येत नाही. परिणाम मात्र झाला. मराठी वाचकाने तोत्तोचानच्या खिडकीला स्वातंत्र्याची खिडकी मानले.

या वगळलेपणाच्या अंगाने पाहिले तर पुस्तकातील पहिल्या शाळेचे चित्रण अपुरे वाटते. त्या शाळेतील बाई आपल्या तक्रारी आईपुढे मांडतात तेवढ्यापुरत्याच येतात आणि मग कायमच्या नाहीशा होतात. त्यांच्या तक्रारी वाचताना हसू येते. पण शिक्षकी पेशातील वाचकाने तो उतारा पुन्हा वाचावा. बाईंचे म्हणणे खोटे नाही. साऱ्या वर्गाने खिडकीकडे धाव घेतली असेल तर धडा शिकवणार कोणाला? साठ-सत्तरांच्या वर्गात उभे राहणाऱ्या आपल्याकडील शिक्षकाची जागा कोबायाशींपेक्षा या बाईंच्या जवळची आहे. तरीही हे पुस्तक वाचणारे बहुतेक शिक्षक स्वतःला मुख्याध्यापकांच्या ठिकाणी कल्पितात.

तोत्तोचान गेली, ती शाळा मात्र तशीच चालू राहिली असणार. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘निर्गमन’ आणि ‘आवाज’ या दोन संकल्पनांच्या आधारे नेमका हा प्रश्न तपासला आहे. एखाद्या संस्थेचा दर्जा घसरू लागला की माणसे एक तर ती सोडून जातात, नाही तर आत राहून आवाज उठवतात. सार्वजनिक शाळांचे उदाहरण देऊन हर्शमन दाखवतात की, दर्जाविषयी जे पालक सर्वाधिक जागरूक असतात, तेच खासगी शाळांकडे सर्वांत आधी वळतात आणि ज्यांच्या आवाजाने सुधारणा झाली असती त्यांनाच ती शाळा मुकते. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या व महापालिकांच्या शाळांच्या बाबतीत हे विवेचन किती लागू पडते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. गावातील शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, डॉक्टर आणि (हे नमूद करणे अवघड असले तरी) महाविद्यालयीन प्राध्यापक यांची मुले त्या शाळांतून केव्हाच बाहेर पडली आहेत. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात परिसरातील सर्व थरांतील मुलांसाठी एकच ‘शेजारशाळा’ असावी अशी शिफारस केली होती. तिचा उच्चारही आता फारसा होत नाही.

२००९ च्या अधिनियमाने या प्रश्नाला दोन बाजूंनी हात घातला. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी व आठवीत अनुत्तीर्ण ठरवण्याची मुभा राज्यांना मिळाली, परंतु काढून टाकण्यावरील मनाई कायम राहिली. म्हणजे तोत्तोचानच्या आईला जे बोलावणे आले, ते आज भारतात बेकायदेशीर ठरेल. दुसरीकडे कलम १२ ने विनाअनुदानित खासगी शाळांत प्रवेशस्तरावरील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखल्या. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या परिसरात शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना या बंधनातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरवला. या काही महिन्यांत प्रवेशाची वाट पाहणाऱ्या पालकांच्या दृष्टीने ‘शाळेची निवड’ या शब्दांचा अर्थ न्यायालयातील तारखांशी बांधला गेला होता. ‘तोत्तोचान’मध्ये फीचा उल्लेखही प्रश्न म्हणून येत नाही. वडील नामवंत व्हायोलिनवादक आहेत, घरी पाळलेला कुत्रा आहे, रोज आगगाडीने शाळेला जाता येते. लेखिकेने हे लपवलेले नाही. सहा-सात वर्षांच्या मुलीच्या नजरेला पैसा दिसत नाही, एवढेच. परंतु मुलीच्या नजरेतून लिहिलेल्या पुस्तकाचा वापर पालकांचे मार्गदर्शक म्हणून होऊ लागतो, तेव्हा नजरेची ही मर्यादा वाचकाला पुसट होऊन जाते.

मराठी परंपरेच्या संदर्भात

महाराष्ट्रात तोमोएचे नातलग शोधायचे तर ते सापडतात. लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात १९८५ साली सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय, फलटण येथे मॅक्सिन बर्नसन यांनी १९८६ मध्ये उभे केलेले कमला निंबकर बालभवन, पुण्यातील १९९२ ची अक्षरनंदन या त्यांपैकी ठळक शाळा. तिन्हींनी मराठी माध्यम धरून ठेवले, हे विशेष. त्यामुळे या शाळांची निवड करणाऱ्या पालकाला एकाच वेळी दोन प्रवाहांविरुद्ध उभे राहावे लागले : एक गुणांच्या स्पर्धेचा, दुसरा इंग्रजी माध्यमाचा. कोबायाशींच्या शाळेत मुले घालणाऱ्या जपानी पालकापुढे यांपैकी दुसरा प्रश्न नव्हता. पुढील काळात ‘मुक्त’, ‘आनंददायी’, ‘बालकेंद्री’ ही विशेषणे लावणाऱ्या महागड्या इंग्रजी शाळा शहरांत निघाल्या. त्यांच्या माहितीपत्रकांत तोमोएची भाषा आली, पण फलटण वा कोल्हापूर येथील धडपड आली नाही. कोणाही पालकाला हा फरक शाळेच्या एका भेटीत कळणे कठीण आहे.

याहूनही अलीकडे आणला न गेलेला एक संदर्भ आहे, तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते काम कोसबाडला हलले. टेकडीवरच्या त्या परिसरातील आदिवासी मुले शाळेत येत नसत, कारण दिवसभर त्यांना गुरांमागे जावे लागे. तेव्हा शाळाच गुरांच्या चरणीच्या जागी न्यायची, असा उपाय निघाला. ती ‘कुरणशाळा’. पाटी, फळा, झाडाखालची सावली आणि एक डोळा गुरांवर ठेवून शिकणारी मुले. तोमोएत वर्ग आगगाडीच्या डब्यात भरतो आणि तो डबा जागचा हलत नाही; हलतात ती मुले, आपापल्या घरून तेथवर. कोसबाडला नेमके उलट घडते.

या दोन प्रयोगांची तुलना करताना एकाला मोठे आणि दुसऱ्याला लहान ठरवण्याचे कारण नाही. पोलिओ झालेल्या यासुआकीला झाडावर चढवण्यासाठी तोत्तोचान शिडी आणते, तो प्रसंग वाचताना कोसबाडची आठवण व्हावी इतकी दोन्हीकडची भूमिका जवळची आहे. भेद आहे तो पालकाच्या स्थानाचा. ‘तोत्तोचान’मधील आई शोधते, विचारते, वाट पाहते, शंका घेते. कुरणशाळेतील मुलांच्या आईवडिलांनी शाळा निवडली नव्हती. मूल गुरांमागे गेले नाही तर संध्याकाळी काय, हा त्यांचा हिशोब होता आणि शाळेने त्या हिशोबाला धक्का न लावता स्वतःला त्यात बसवून घेतले. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक आणि ‘तोत्तोचान’ ही दोन्ही पुस्तके मराठी वाचकाच्या आवाक्यात आहेत. पहिले शिक्षणशास्त्राच्या कपाटात राहिले आणि दुसरे पालकांच्या घरात गेले. तोमोए तर १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळून गेली आणि १९६३ मध्ये कोबायाशी वारले. त्यांची प्राथमिक शाळा पुन्हा उभी राहिली नाही. जी शाळा आज कोणालाच निवडता येणार नाही, तिच्या शोधात मराठी पालक गेली कित्येक वर्षे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत आहे, आणि त्याच्या घरासमोरच्या शाळेत पहिलीच्या वर्गातील बाई हजेरी घेत आहेत.